लग्नाला यायचंच! पण कुणाच्या?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सुरुवात सिनेमापासून आहे, पण शेवट आपल्या तालुक्यात आहे. सवडीने वाचा.

ज्या सिनेमाच्या नावातच शेवट सांगून टाकलाय, त्याबद्दल ‘शेवट आधीच कळला’ अशी तक्रार करण्यात काही अर्थ नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ या सिनेमाच्या नावापुढे ‘लग्नाला यायचंच!’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे तिकीट काढतानाच माणसाला ठाऊक असतं, की लग्न होणार आहे, आपण जाणार आहोत, अक्षता टाकून परत येणार आहोत. २०१५ च्या दिवाळीत हा सिनेमा आला. आता तो टीव्हीवर अधूनमधून दुपारी लागतो आणि घरोघरी पाहिला जातो. परवा मीही पुन्हा एकदा सलग पाहिला. आणि पुन्हा तसाच हिरमोड झाला, तो का झाला ते लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी ही जोडी मला आवडते. मुक्ता बर्वे नुसती गप्प बसली तरी बघत राहावंसं वाटतं. प्रशांत दामले, मंगल केंकरे, विजय केंकरे, सविता प्रभुणे अशी माणसं त्यात आहेत. दिग्दर्शक सतीश राजवाडे यांना दोन माणसांचं बोलणं कसं रंगवायचं ते कळतं. म्हणजे सामान सगळं चांगलं आहे. स्वयंपाक मात्र अळणी झालाय.

मीठ कुठे कमी पडलं ते समजून घ्यायला पहिला ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आठवा. २०१० चा. जवळजवळ सगळा सिनेमा दोनच माणसांचा. मुंबईची मुलगी एका दिवसासाठी पुण्यात येते, ती ठरलेल्या स्थळाला नकार द्यायला. तो मुलगा भेटत नाही, दुसराच एक भेटतो, दोघं दिवसभर पुण्यात भटकतात, भांडतात, मुंबई भारी का पुणे भारी यावर वाद घालतात. शेवटी कळतं, की हाच तो मुलगा. आता सांगा, हे कुणाला आधी कळलं नव्हतं? अर्ध्या थिएटरला कळलं होतं. तरी मजा आली. कारण त्यात एक अडचण खरी होती. घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाला तोंडावर ‘नाही’ म्हणायला एक मुलगी एकटी निघाली आहे. हे करणं किती अवघड आहे ते आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला विचारा. तो नकार तिच्या हातात आहे आणि तो ती बदलेल का, एवढाच प्रश्न. तेवढ्यावर सिनेमा उभा राहिला.

दुसऱ्या भागात काय आहे? लग्न ठरलंय. दोन्ही घरं खूश आहेत. पैसा आहे, नोकऱ्या आहेत, राहायला घर आहे, खरेदी जोरात आहे. आता दोन-सव्वादोन तास काढायचे कसे? तर मुलीचा आधीचा मित्र परत येतो आणि तिचं मन डळमळतं. तिचं मन डळमळणं यातही खरं तर गोष्ट होती. लग्नाच्या तोंडावर घाबरणाऱ्या मुली मी पाहिल्यात आणि त्यांचं कुणी ऐकून घेत नाही हेही पाहिलंय. पण सिनेमाला त्या भीतीशी फारसं देणंघेणं नाही. त्याला मुहूर्त गाठायचाय. त्यामुळे ती घाबरते, गाणं होतं, पाहुणे विनोद करतात, तो समजूतदारपणे बाजूला उभा राहतो, ती परत येते. आपण घड्याळाकडे बघत असतो. २०१८ मध्ये तिसरा भाग आला, त्यात पाळणा हलायची तयारी. गाडी त्याच रुळावर.

पण मित्रहो, शेवट माहीत असणं हा गुन्हा नाही. आपल्या मराठी माणसाला हे सांगायची गरज नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ चं. अर्जुन आणि सुभद्रेचं लग्न होतं हे महाभारतात लिहून ठेवलंय, घरातल्या आजीलाही पाठ होतं. तरी शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी ते नाटक डोक्यावर घेतलं. कारण बलरामदादाला बहीण दुर्योधनाला द्यायचीय. मोठा भाऊ अडून बसलाय, त्याचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही, आणि कृष्णाला त्यातून वाट काढायची आहे. नीट बघितलं तर ही मराठीतली जुनी रोमँटिक कॉमेडीच आहे. शेवट ठाऊक, वाट अवघड. प्रेक्षक ती वाट बघायला येतो.

पुढे १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’ आणलं. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी पोरगी एका म्हाताऱ्याला द्यायला निघालाय. हे तेव्हा घराघरांत घडत होतं. देवलांनी त्यावर नुसतं रडवलं नाही. तो भुजंगनाथ असा रंगवला, की लोक त्याला पोट धरून हसले. आणि ज्यांच्या घरात भुजंगनाथ होते, तेही त्याच थिएटरात बसलेले होते. पुढे तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाहाविरुद्धचा कायदा झाला. तो हरबिलास सारडांच्या नावाने सारडा कायदा म्हणून ओळखला गेला. शारदा आणि सारडा, नावाचा योगायोग. पण दोन्हींचं दुखणं एकच होतं.

आणखी जवळ या. १९७० चा ‘मुंबईचा जावई’. चाळीतलं घर, माणसं भरपूर, नवं जोडपं आणि त्यांना एकांत नाही. अडचण काय? खोली! मुंबईच्या घरांचा सगळा प्रश्न त्या एका हसण्यात आला. लोकांना तो इतका आपला वाटला, की दोन वर्षांत बासू चटर्जींनी त्यावर हिंदीत ‘पिया का घर’ केला. मग १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. पोरांना पुण्यात राहायला जागा मिळत नाही. घरमालकीण लीलाबाईंना भाडेकरू म्हणून जोडपीच हवीत, म्हणून दोघं साडी नेसतात. आजही आपण पोट दुखेपर्यंत हसतो, पण त्या हसण्याखाली बिनलग्नाच्या, बिनपैशाच्या पोराला शहरात कुणी दारात उभं करत नाही, हे दुःख आहे. आमच्या गावातून पुण्याला शिकायला गेलेल्या प्रत्येक पोराला हे आजही लागू आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे. प्रेमाची विनोदी गोष्ट अडचणीवर उभी राहते. अडचण खरी असेल तर शेवट माहीत असूनही आपण खुर्चीच्या टोकाला येतो. अडचण गैरसमजाची असेल, एक फोन केला की सुटणारी असेल, तर आपण मोबाइल काढतो.

आणि मग प्रश्न येतो, की आज महाराष्ट्रात प्रेमात आणि लग्नात अडचणी उरल्याच नाहीत का? वीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. मी सांगतो, ढिगाने आहेत. तीनच सांगतो.

पहिली. पोरांना पोरी मिळत नाहीत. तिशी ओलांडलेली, पस्तिशीला टेकलेली, दोन-चार एकर बागायत असलेली, निर्व्यसनी पोरं प्रत्येक गावात आहेत. गावात गेलो की पाराजवळ कुणीतरी आई हात धरून विचारते, “दादा, तुमच्या ओळखीत एखादं स्थळ बघा की. जात-बीत आता आम्ही काय बघत नाही.” हे शेवटचं वाक्य ती हळू आवाजात बोलते. पंधरा वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं. बायोडेटा बघा, मुलीकडच्यांची अट ठरलेली असते. मुलगा नोकरीला हवा आणि शेतीही हवी. शेती पाहिजे, शेतकरी नको! यावर गावात लोक विनोद करतात आणि हसता हसता गप्प होतात.

याचा फायदा घेणारेही तयार झालेत. मध्यस्थ येतो, लाख-दोन लाख घेतो, लांबून मुलगी आणतो, मंदिरात हार घालतात. चार दिवसांत नवरी दागिन्यांसह पसार. ही बातमी मी इतक्या वेळा लिहिली आहे, की गावाचं नाव आणि रक्कम बदलली तरी काम भागेल. बातमी वाचून लोक हसतात. ज्या घरात ती घडते तिथे पोरगा महिना महिना बाहेर पडत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात जे झालं ते आठवतंय का? लग्नाळू पोरांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. नवरदेवाचा पोशाख, डोक्याला बाशिंग, कुणी घोड्यावर, पुढे वाजंत्री. मागणी काय, तर आम्हाला नवरी द्या. देशभरातल्या वाहिन्यांनी ते गंमत म्हणून दाखवलं. पण त्या निवेदनात गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, अशीही मागणी होती. बाशिंग बांधलेला पोरगा कलेक्टरला सांगतोय, की माझी बायको जन्मालाच आली नाही. यापेक्षा मोठा विनोद आणि यापेक्षा मोठा कलंक मला तरी माहीत नाही. पटकथा रस्त्यावरून चालत गेली, घोड्यावर बसून गेली. उचलायला कुणी आलं नाही.

गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच. साल १९८८, ‘बनवाबनवी’चंच. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. आणि तरी २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. २००१ मध्ये मोजलेली ती मुलं आज लग्नाच्या वयात आहेत. २०११ मध्ये मोजलेली आज शाळा-कॉलेजात आहेत. म्हणजे खरी रांग अजून यायची आहे.

दुसरी अडचण. यात मुलींना दोष द्यायची घाई करू नका. एका पोरीशी माझं बोलणं झालं. बीएस्सी झालेली, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसते. शेतकऱ्याचं चांगलं स्थळ तिने नाकारलं म्हणून घरात अबोला. मी विचारलं तर म्हणाली, “काका, पोरगा चांगला होता. पण मी माझ्या आईला बघत आलेय ना. पहाटे चारला उठते, गोठा, स्वयंपाक, शेत, परत गोठा. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. कर्ज मात्र तिच्या दागिन्यांवर.” मी यावर काय बोलणार? ती नकार देतेय तो त्या आयुष्याला. पहिल्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’तली मुलगी नकार द्यायला पुण्याला आली होती. ही आमच्या अभ्यासिकेतली मुलगी तोच नकार घेऊन रोज एसटीने तालुक्याला येते. तिचा सिनेमा कुठाय?

समजा, तो शेतकरी पोरगा तिला पटवायचं ठरवतो. खरंच पटवायचं, तर त्याला काय करावं लागेल? फूल देऊन भागणार नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव लावावं लागेल. गोठ्यातलं काम स्वतः वाटून घ्यावं लागेल. घरात मोटरसायकल आधी की गॅसची दुसरी टाकी आधी, यावर बापाशी भांडावं लागेल. तलाठ्याच्या दारात नायक तीन वेळा हेलपाटे मारतोय, का, तर होणाऱ्या बायकोला वचन दिलंय! अहो, हसून हसून पुरेवाट होईल आणि बाया शिट्ट्या मारतील.

तिसरी अडचण नोटीस बोर्डाची. दोन सज्ञान माणसांना, जात वेगळी असो वा धर्म, विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता येतं. कायदा १९५४ चा. त्यात आधी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवस थांबावं लागतं. हरकती घ्यायला वेळ. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात त्या बोर्डाचा फोटो संध्याकाळच्या आत कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर असतो. रात्री दोन जीपा मुलाच्या दारात. माझ्याकडे जोडपी येतात ती बातमी द्यायला येत नाहीत. विचारतात, “सर, नोटीस न लागता काही होतं का?” मग कुणी धर्मस्थळात, कुणी लांबच्या जिल्ह्यात. मुलीच्या घरचे पोलीस ठाण्यात ‘बेपत्ता’ नोंदवतात. तिचा जबाब होतो, ती म्हणते माझ्या मर्जीने गेले. ठाण्याच्या आवारात आई हंबरडा फोडते आणि बाप खाली बघून उभा असतो. दोन्ही बाजूंचं दुःख मी तिथे उभं राहून पाहिलंय.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान व्यक्ती एकमेकांना जोडीदार म्हणून निवडतात तेव्हा कुटुंबाची, समाजाची, भावकीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष करा, मदतीचा नंबर ठेवा, सुरक्षित निवाऱ्याचा विचार करा, असंही सांगितलं. आंतरजातीय लग्नाला सरकारचं ५०,००० रुपयांचं अर्थसाहाय्यही आहे, जोडप्यातला एक मागास प्रवर्गातला असेल तर. म्हणजे बघा, सरकार एका खिडकीतून आहेर देतंय आणि दुसऱ्या खिडकीवर तीस दिवस नाव टांगून ठेवतंय. यात विनोद नाही असं कोण म्हणेल?

‘मुंबई-पुणे-मुंबई २’ नंतर सहा महिन्यांच्या आत, एप्रिल २०१६ मध्ये, ‘सैराट’ आला. पहिला अर्धा भाग बघा. विहीर, कॉलेज, चिठ्ठ्या, मित्रांची फजिती, गाणी. सगळं नेहमीचंच, आपण शंभर वेळा पाहिलेलं. तरी गावंच्या गावं ट्रॅक्टर करून थिएटरला गेली. कारण पहिल्या रीळापासून पोटात गोळा होता, की हे या दोघांना करू देणार नाहीत. अडचण माहीत होती. तिचा पत्ताही माहीत होता. आपल्याच गल्लीचा होता.

आता काही जण म्हणतील, म्हणजे तुम्हाला प्रत्येक सिनेमात रक्त पाहिजे का? दिवसभर काम करून आलेल्या माणसाने हसायचं नाही का? अजिबात तसं नाही. उलट मला वाटतं, ‘सैराट’नंतर आपल्या सिनेमावाल्यांनी सोयीस्कर वाटणी करून घेतली. खेड्यातल्या प्रेमाला मरण आणि शहरातल्या प्रेमाला कॉफी. गावाकडच्या जोडप्याने हसत-खेळत, भांडत, युक्ती करून जिंकलेलं दाखवायचंच नाही. पण अशी जिंकलेली जोडपी आहेत! आमच्या तालुक्यात मला पाच-सहा माहीत आहेत. त्यातल्या एकाच्या सासऱ्याने तीन वर्षं तोंड पाहिलं नाही. मग नात झाली, तर एके दिवशी ‘इकडे कामाला आलो होतो’ म्हणत दारात उभा. हातात पिशवी, पिशवीत बाजरीचं पीठ आणि डिंकाचे लाडू. कामाला आलेला माणूस डिंकाचे लाडू घेऊन फिरतो होय? जावयाने एक शब्द न बोलता चहा ठेवला. आता ते दोघं मिळून बाजाराला जातात. या एका प्रसंगापुढे तो दोन-सव्वादोन तासांचा लग्नसोहळा मला फिका वाटतो.

आमच्या गावचं एकुलतं एक थिएटर बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालंय. पडदा होता तिथे आता स्टेज आहे. त्यामुळे सिनेमावाल्यांच्या हिशेबात आम्ही नाही, हे मला कळतं. तिकिटं मल्टिप्लेक्समध्ये विकली जातात आणि मल्टिप्लेक्स मुंबई-पुण्यात आहेत. मुंबई, पुणे आणि परत मुंबई, तिसरं गाव नकाशातच नाही. पण तिसऱ्या गावाने एकदा काय गर्दी केली होती ते २०१६ मध्ये सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून माझी तक्रार ‘सिनेमा ठरावीक होता’ एवढीच नाही. ठरावीक तर लग्नही असतं. मुहूर्त, मंगलाष्टकं, जेवण, पाठवणी. तरी आपण जातो आणि मुलगी निघाली की डोळे भरतात. कारण ती वेळ येईपर्यंत दोन घरांनी काय काय सोसलंय ते आपल्याला ठाऊक असतं. सिनेमाने ते सोसणं काढून टाकलं आणि नुसता मांडव ठेवला, तर मग आपण फक्त जेवायला आलेले पाहुणे.

एक विनंती आहे. तुमच्या गावात असं एखादं जमलेलं लग्न असेल, अडचणीतून हसत बाहेर पडलेलं, तर कमेंटमध्ये लिहा. नावं, गाव काही लिहू नका, उगाच कुणाला त्रास नको. अडचण काय होती आणि ती कुणी कशी सोडवली, एवढंच लिहा. आपल्या भागातली दोन-चार पोरं मोबाइलवर शॉर्ट फिल्म करतायत, ती ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. पोरांनो, कॅफे शोधत पुण्याला जाऊ नका. तलाठी कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसा.